सुगंधाकाकींची गारी

आमच्या घरमालकीणबाईंनी जागा देण्याआधी माझी नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मासे खाता का हेही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "गारी कुटं हाय तुमची?"

काकींच्या आगरी बोलीत गाडीची गारी होते, हे कळायला मला क्षणभर लागलं. गाडी खाली रस्त्यालाच उभी होती. काकी जिना उतरून खाली आल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा तिथे खोचलेला स्क्रू ड्रायव्हर काढला, उलटा धरला आणि त्याच्या मुठीने माझी गाडी ठोकायला लागल्या. बॉनेट नाही, छप्पर नाही. दारांच्या खाली, चाकांच्या वरच्या कमानीत, डिकीच्या कडेला, जिथे गाडीचा मालकही कधी वाकून बघत नाही तिथे. एक ठोका मारायचा, मान तिरकी करून ऐकायचं, मग पुढचा ठोका. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून छाती तपासतात, अगदी तसं. माझी बायको मीनल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपण जागा बघायला आलोय ना?"

मागच्या चाकापाशी काकी थांबल्या. पुन्हा ठोकलं. "हितं पोकल हाय," त्या म्हणाल्या. "आजून वरून दिसत नाय. दिसल फुडं." मग उभ्या राहून माझ्याकडे नीट पाहिलं. "पन बाकी ठीक हाय. गारी खालून पन धुता तुमी. ऱ्हावा."

अशी आम्हाला पनवेलमध्ये जागा मिळाली.

सुगंधाकाकी घरत म्हणजे ठेंगणी, काळीसावळी, घट्ट बांध्याची बाई. आखूड कासोट्याचं लुगडं, नाकात मोठी नथ नव्हे, बारीकशी चमकी, आणि नाकावर घसरलेला चष्मा. विमानतळासाठी गाव गेलं, त्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांच्या मुलाने, विलासने, इमारत बांधली. तळमजल्यावर काकी एकट्या, सगळ्यात वर विलास आणि त्याचं कुटुंब, आणि मधे आम्ही भाडेकरू. काकींना आमची नावं पाठ नव्हती आणि करायचीही नव्हती. त्या माणसं गाड्यांवरून ओळखायच्या. मी पांढरी गारी. मीनल पांढऱ्या गारीची बायको. समोरचे दाताचे डॉक्टर लाल गारी. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी गाडी बाळगत नाहीत, रिक्षाने जातात, म्हणून ते "तो बिचारा".

ठोकण्याची सवय गाड्यांपुरती नव्हती. जिथे लोखंड तिथे काकींचा स्क्रू ड्रायव्हर. गच्चीवरच्या टाकीचा स्टँड, बाल्कनीचे ग्रिल, कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तर त्यांचा फ्रिज. गणपतीच्या मंडपाचे खांब त्या आरतीच्या आधी ठोकून बघत आणि मगच टाळ्या वाजवत. कुणी काही म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "रंगाचा काय, रंग कोन पन लावतं. आत काय हाय ते बगायचं."

एकदा एका बिल्डरच्या मुलीचं लग्न होतं. वरातीसाठी बिल्डरने कुठूनशी भाड्याने जुन्या काळातली लांबलचक गाडी आणली होती. चकचकीत लाल रंग, झेंडूच्या माळा, पुढे बँड. काकी अहेराचं पाकीट हातात घेऊन गाडीभोवती एक फेरी मारून आल्या, खाली वाकल्या आणि पायरीखाली या वेळी टोकानेच एक ठोका दिला. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तो ओढून काढताना बरोबर गंजावर थापलेल्या पुट्टीचा एक मोठा पापुद्रा पडला. मुलीची आई किंचाळली. काकी शांतपणे म्हणाल्या, "नवरा एकला बसू दे. दोगांचा भार नाय झेपायचा हिला."

कोण ऐकणार? दोघं बसली, वरात निघाली, आणि चौकातल्या गतिरोधकावर गाडीचा मागचा बंपर माळांसकट रस्त्यावर उतरला. बँडवाल्यांना वाटलं फटाका. त्यांनी जोर वाढवला. त्या दिवसापासून आमच्या सेक्टरात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी काकींना नेऊन दाखवतात.

पण काकींची स्वतःची गाडी? ती इमारतीच्या बाजूला, निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. जुनी पद्मिनी. मूळचा रंग दुधी असावा. काकी रोज सकाळी ताडपत्री बाजूला करायच्या, गाडीवर हात फिरवायच्या आणि पुन्हा झाकायच्या. त्या गाडीला मात्र त्या कधी ठोकायच्या नाहीत.

त्या गाडीची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. बहुतेक वेळा मी ऑफिसला जायच्या घाईत असताना.

काकींच्या नवऱ्याने, दामूशेठनी, ती पनवेलच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली. गावात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. गाव ते पनवेल माणसं वाहायची, असा बेत. दामूशेठ चालवायला शिकले, पण त्यांना रिव्हर्स काही केल्या जमेना. मागे बघून पुढचं चाक वळवायचं म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. म्हणजे गाडी घेऊन ते पनवेलला जायचे आणि बाजारपेठेत पोचल्यावर चार माणसांना हाका मारून ढकलत वळवून घ्यायचे. काकी शेजारी बसलेल्या असायच्या. बघून बघून त्या शिकल्या. आणि शिकल्या काय, तर आधी रिव्हर्स.

"ह्ये म्होरं न्यायचे, मी मागं आनायची," काकी म्हणाल्या. "आमचा संसार तसाच चालला. मंग ह्ये गेले. तवा म्होरं पन मीच न्यायला लागली."

पुढे न्यायची कशी ते त्या मिठागरात शिकल्या. मिठाचा हंगाम संपला की पाऊस येईपर्यंत कोंड्या, म्हणजे मिठाचे वाफे, सुकून टणक व्हायच्या. नजर जाईल तिथवर सपाट, आपटायला झाड नाही, चिरडायला माणूस नाही. संध्याकाळच्या वेळी एक बाई पदर खोचून मिठागरात गोल गोल गाडी फिरवते आहे आणि बांधावर बसलेलं अख्खं गाव हसतं आहे, हे चित्र मला न बघताही डोळ्यासमोर दिसतं. नंतर त्याच गावातल्या बायका त्यांच्या गाडीत बसून बाळंतपणाला पनवेलला गेल्या. कुणाचे पाय मोडले, कुणाला साप चावला, कुणाचा जावई आला, काकींची गारी. आणि एरवी डिकीत मासळीच्या पाट्या आणि मिठाची पोती.

त्या मिठानेच गाडी खाल्ली. वरून नव्हे, खालून. काकींच्या पायाखालचा पत्रा गेला तेव्हा त्यांनी फळी टाकली. फळीवर पाय ठेवून वर्षानुवर्षं चालवली. "खाली रस्ता दिसायचा," त्या म्हणाल्या. "बरा वाटायचा. कुटं चाल्लो ते कलायचं."

मग गाव उठलं. ज्याला जिथे प्लॉट मिळाला तिथे तो गेला. मिठागरावर भराव पडला. काकींनी गाडी स्वतः चालवत नव्या जागेवर आणली, उभी केली, आणि दार उघडून उतरल्या तेव्हा दार परत लागेना. गाडी मधोमध खचली होती. तेव्हापासून ताडपत्री.

विलास भला माणूस. गळ्यात जाड साखळी, दारात उंच काळी गाडी, आणि आईसमोर उभा राहिला की शाळेतला मुलगा. ताडपत्रीची जागा त्याला पार्किंगला हवी होती, पण भंगारात देऊ म्हणायची त्याची छाती होईना. एकदा त्याने धीर करून वेगळाच बेत मांडला. "आये, आपण तिला फाटकाशी चौथरा बांधून वर ठेवू. रंग मारू, लायटिंग करू. शोपीस. लोक फोटो काढतील."

"माज्या फोटूला हार घालशील ना," काकी म्हणाल्या, "तवा तिला पन घाल."

तो विषय तिथेच मिटला.

आणि मग दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी काकींनी माझं दार वाजवलं. म्हणजे ठोकलं. "पांढरी गारी, उटा. गॅरेजला जायाचंय. ती दुरुस्त करायची."

"आता? इतक्या वर्षांनी?" मी विचारलं.

"आता म्हंजी आताच," त्या म्हणाल्या. कारण सांगितलं नाही.

तळोज्याच्या रस्त्याला रशीदभाईंचं गॅरेज आहे. रशीदभाई डेंटर. जुन्या गाड्यांचं पत्र्याचं काम करणारे जे थोडे कारागीर उरलेत त्यांतले. पांढरी दाढी, तोंडात सुपारी, आणि बोलणं असं की वाईट बातमीही शेरासारखी वाटावी. पद्मिनी क्रेनने उचलून तिथे आणली. रशीदभाई बॅटरी घेऊन खाली सरपटत गेले, बराच वेळ आतच राहिले आणि बाहेर आले ते टोपी काढूनच.

"चाची, ही गाडी नाही. जाळी आहे. रंगाच्या भरवशावर उभी आहे."

त्यांनी मला बसवून दाखवलं. दोन्ही दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक बंद पेटी जाते. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही, त्या दोन पेट्या आणि मधली जमीन हाच तिचा कणा. रशीदभाईंनी पेटीला अंगठा लावला. पापड मोडावा तसा आवाज आला आणि अंगठा आत गेला. जॅक लावला तर गाडी उचलली गेली नाही, जॅकच आत शिरला.

"कापून नवीन पत्रा घालावा लागेल. पण घाईने कापली तर मधोमध मिटेल, किताबासारखी. आधी आतून लोखंडी अँगल मारून ताणून बांधायची. मग एक बाजू. ती झाली की दुसरी. वक्त लागेल, चाची."

"लागू दे," काकी म्हणाल्या. आणि लगेच, "पन लवकर कर."

रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

पुढचे कितीतरी रविवार माझे त्या गॅरेजात गेले. मीनल म्हणायची, तू माहेरी चालल्यासारखा निघतोस. खरं तर काकींना नेऊन सोडायचं आणि परत आणायचं एवढंच काम. पण तिथला तमाशा सोडवत नसे. काकी उलट्या पिंपावर बसायच्या, हातात खडू. गंजलेला भाग ठोकून बघायचा आणि जिथून खणखणीत आवाज येईल तिथे रेघ मारायची, म्हणजे इथपर्यंत काप. रशीदभाईंना वाटायचं रेघ फार लांब गेली. काकी चहाला उठल्या की ते अंगठ्याने रेघ पुसायचे आणि अलीकडे मारायचे. काकी परत आल्या की काही न बोलता पुन्हा ठोकायच्या आणि रेघ पलीकडे. दिवसभर दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता भांडायची.

पुट्टीवरून मात्र शब्द झाले. "थोडीशी तरी लावू दे, चाची. वेल्डिंगची शिवण दिसते."

"पुट्टी म्हंजी पावडर. ती तोंडाला लाव तुज्या. शिवन दिसू दे. शिवलेला हाय तर शिवलेलाच दिसनार."

"लोक म्हणतील रशीदला काम येत नाही."

"लोक खाली वाकून बगतात का? मी बगते. मी बोलते तुला येतंय."

रशीदभाईंनी सुपारी थुंकली, पण त्या दिवशी सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या खिशातून भजी खिलवली.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती. काकींना काम नीट हवं होतं आणि त्यांना घाईही होती, आणि ही घाई त्यांच्या स्वभावात बसत नव्हती. दर रविवारी निघताना त्या विचारायच्या, "कवा व्हईल?" शेवटी रशीदभाईंनीच विचारलं, "चाची, एवढी जल्दी कशाची? घरात शादी आहे?"

"मानूस हाय," काकी म्हणाल्या आणि माझ्या गाडीत जाऊन बसल्या.

त्या दिवशी परत येताना त्यांनी मला खांदा कॉलनीत गाडी वळवायला सांगितली. एका उंच इमारतीपाशी त्या उतरल्या. हातात डबा होता, सुकटीचा. मी खाली थांबलो. त्या गेल्या आणि जवळजवळ लगेचच आल्या. डबा नव्हता, पण चेहराही नेहमीचा नव्हता. सीटवर बसून त्यांनी पट्टा लावायचा प्रयत्न केला. तो त्यांना लागेना. मी लावून दिला.

"माजी जाव ऱ्हाते हितं," त्या म्हणाल्या. "हिरा. दोगी एका वर्साला लगीन व्हऊन आलो. एक चूल. मी गारी घेऊन जायची तर माजी पोरं तिनं बगली. इलासला मी जल्म दिला, चालायला तिनं शिकवला."

जाव म्हणजे जाऊ, हे मला आता विचारावं लागत नव्हतं.

"मना बोलली, कोन तुमी? कोनाकडं आलाव?" काकी समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "पयले नाव इसरायची. आता मानूसच इसरते. घर पन वलखत नाय. ह्यो माजा घर नाय, मना गावाला न्या, येवढाच बोलते दिसभर."

"मग एकदा विलासच्या गाडीतून फिरवून आणा की त्यांना," मी म्हणालो.

"इलासनं नेली व्हती. येवरी मोठी काली गारी बगून वरडाया लागली. चोर आले, चोर आले." त्या जराशा हसल्या. मग थांबून म्हणाल्या, "आमची गारी बगल तर वलखल. दोनी पोरांना ती त्या गारीतनंच गेली, एक तर रस्त्यालाच झाला."

दिवाळीनंतरची ती घाई मला तेव्हा कळली. हिराबाई सगळंच विसरण्याआधी पोचायचं होतं.

आणि नेमका त्यानंतरच घोटाळा झाला. डावी बाजू पूर्ण झाली होती. नव्या पत्र्याची पेटी बसली होती. रशीदभाई नात्यातल्या मयताला महाडला गेले होते, आणि त्यांच्या कारागिराने सीटखालचं काम सोपं व्हावं म्हणून आतून बांधलेले अँगल कापून काढले. मधली जमीन अजून उघडीच होती. रविवारी आम्ही गेलो तेव्हा गाडी वरून छान दिसत होती. काकींनी डावं दार ओढलं. ते खाली घासलं आणि कुलपाच्या खाली बोटभर जाऊन थांबलं.

रशीदभाई परत आले होते. त्यांनी दार पुन्हा लावून पाहिलं, खाली वाकून पाहिलं, आणि कारागिराकडे असं पाहिलं की तो जेवायला निघून गेला.

"बॉडी बसली, चाची. थोडी." ते म्हणाले. "दोन रस्ते आहेत. बिजागरी सरकवतो, दाराची कड घासतो. लागेल दार. हफ्त्यात गाडी घेऊन जा. नाहीतर..." त्यांनी ताज्या वेल्डिंगकडे बोट केलं. "हे सगळं कापायचं. परत ताणायची. परत पहिल्यापासून."

काकी पिंपावर बसल्या. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला आणि नुसता हातात धरला. बाहेर टँकर जात होते, येत होते. मला वाटलं आता त्या म्हणतील, घास दार, चल. मी त्यांच्या जागी असतो तर म्हणालो असतो. खांदा कॉलनीतल्या त्या इमारतीत रोज काहीतरी थोडं थोडं पुसलं जात होतं, आणि त्यांना ते माहीत होतं.

"दार घासून तिला बसवू," त्या अखेर म्हणाल्या, "आनी रस्त्यात मधीच मिटली तर? तिला घेऊन?" त्या उठल्या. "काप."

रशीदभाईंनी मान हलवली. चष्मा चढवला आणि स्वतःचंच काम स्वतःच्या हाताने कापायला घेतलं. ठिणग्या उडाल्या. काकी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यानंतर रशीदभाईंनी बाकीची कामं बाजूला ठेवली, हे मला त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या आरडाओरड्यावरून कळलं. ते गाडीखालीच राहायला लागले. अँगल पुन्हा लागले, आता दुप्पट. डावी बाजू, मग जमीन, मग उजवी. शेवटचा तुकडा बसल्यावर त्यांनी एकेक अँगल कापला आणि प्रत्येक कापानंतर थांबून काकींकडे पाहिलं. मग म्हणाले, "दरवाजा लावा, चाची. तुम्हीच लावा."

काकींनी दार लोटलं. ते लागलं. एवढंच. काही आवाज झाला नाही म्हणावं इतक्या हळू लागलं. रशीदभाई जमिनीवर बसले आणि त्यांनी दाढीवरून हात फिरवला. काकींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुज्या भट्टीचा धूर लय डोल्यात जातो."

रंगासाठी त्या थांबल्याच नाहीत. राखाडी प्रायमरचे हात मारलेली, अंगभर शिवणी दिसणारी गाडी त्यांनी तशीच बाहेर काढली. इंजिनाचं आणि कागदपत्रांचं विलासने बघितलं होतं. पण गाडी बघून त्याने कपाळावर हात मारला. "आये, लोक म्हणतील विलासशेठची आई भंगारात फिरते."

"रंग नंतर," काकी म्हणाल्या. "पांढरी गारी, सुट्टी घ्या उद्या. मना एकलीला धाकधूक व्हते."

बाई धाकधूक होते म्हणाली म्हणून मी सुट्टी घेतली.

दुपारी आम्ही खांदा कॉलनीत पोचलो. काकींनी नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीचा गजरा. पुढे एकसंध लांब सीट, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर. मी मागे. इमारतीच्या फाटकाशीच एक वाळकी, गोरीशी म्हातारी उभी होती, छातीशी कापडाची पिशवी धरून. वॉचमन तिला समजावत होता. "रोजचंच आहे," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "कपडे भरून खाली येतात. रिक्षा थांबवतात, गावाचं नाव सांगतात. रिक्षावाले म्हणतात असं गाव नाही. मग मी वर नेऊन सोडतो."

काकींनी गाडी अगदी तिच्या पायाशी नेऊन उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. त्या वाट बघत होत्या.

हिराबाईंनी गाडीकडे पाहिलं. पुढून मागे, नीट पाहिलं. मग त्यांनी वाकून आत बघितलं, काकींच्या चेहऱ्याकडे, थेट डोळ्यांत.

"ओ बाय," त्या म्हणाल्या, "तुमी डायवर का?"

त्यांनी गाडीला ओळखलं नव्हतं. काकींना तर नाहीच.

स्टिअरिंगवरची काकींची बोटं आवळली गेली. सगळा हिवाळा त्या पत्र्यात गेला होता, वर निम्मा उन्हाळाही. मला वाटलं आता त्या म्हणतील, अगं हिरे, मी. मी सुगंधा. ते त्यांच्या ओठांवर आलेलं मला आरशात दिसलं. पण त्यांनी ते गिळलं.

"हा, बाय," त्या म्हणाल्या. "डायवर. कुटं जायचंय?"

हिराबाईंनी गावाचं नाव सांगितलं. सांगताना पिशवी आणखी घट्ट धरली, जणू आता पुन्हा 'असं गाव नाही' ऐकायला मिळणार.

"जाते ना," काकी म्हणाल्या. "तिकरंच चाल्लेय. बसा."

हिराबाई बसल्या. वॉचमन काही बोलणार होता, मी हातानेच त्याला थांबवलं आणि वर त्यांच्या घरी निरोप द्यायला सांगितला. गाडी निघाली. महामार्गाला लागून कर्नाळ्याच्या दिशेने, जिथे रस्त्याला अजून झाडं आहेत. काचा खाली होत्या. काकी इतक्या हळू चालवत होत्या की सायकलवाले पुढे जात होते. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले, काकींनी हात बाहेर काढून त्यांना जायला सांगितलं.

थोड्या वेळाने हिराबाई बोलायला लागल्या. रिक्षात शेजारच्या अनोळखी बाईशी बोलतात तसं. "उशीर झाला मना. माजी जाव वाट बगत आसल."

काकी रस्त्याकडेच बघत होत्या. "जाव हाय का तुमाला?"

"हाय ना. सुगंधा नाव तिचा." हिराबाई हसल्या. त्यांना पुढचे दात नव्हते. "लय तोंडाची हाय. सगल्यांना वरडते. आमचे सासूला पन वरडायची. पन माज्याबिगर जेवत नाय. भात निवला तरी बसून ऱ्हाते. म्हनून बोलते, बिगी बिगी न्या."

गिअर बदलायची गरज नव्हती, तरी काकींनी दांडीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. आरशात मला फक्त त्यांचा चष्मा दिसत होता. मी बाहेर बघायला लागलो.

"चांगली हाय मंग जाव तुमची," काकी म्हणाल्या.

"हाय तर," हिराबाई म्हणाल्या. वाऱ्याने त्यांचे डोळे मिटायला लागले होते. पिशवी मांडीवर सैल पडली. एकदा त्या दचकून जाग्या झाल्या आणि इकडेतिकडे झाडांकडे बघत त्यांनी विचारलं, "आला का गाव?"

काकींनी डावा हात काढला आणि घसरणारी पिशवी त्यांच्या मांडीवर नीट ठेवली.

"लांबची वाट हाय, बाय," त्या म्हणाल्या. "निजा तुमी. आला की उटवते."